पाटीला हात

माहीम, ता. पालघर
गुरुवार, १२ जून २०२५

चि. सौ. तेजल हिस,
मंजुळाचा आशीर्वाद.

सौ. मुद्दाम लिहिलं आहे. आवडो, न आवडो.

तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास हे मला जमनाने सांगितलं. म्हणजे शेजारणीला कळतं आणि सासूला कळत नाही. म्हणून काल बोईसरला तुझ्या त्या जागृतीबाईकडे गेले. सरळ सांगते, भांडायलाच गेले होते. सुक्या बोंबलांची पाटी कॉलनीत रिकामी केली आणि तशीच त्या हॉलचा जिना चढले. म्हटलं बघू तरी, कोण ही बाई, जिने माझ्या सुनेला डोळे मिटून जमिनीवर लोळायला शिकवलं आणि शेवटी घरातून काढलं.

मला वाटलं होतं, कोणी केस मोकळे सोडलेली, कपाळभर टिकली लावलेली असेल. ही तर साध्या ड्रेसात फरशी पुसत होती. मी दारातूनच आवाज चढवला. ती फडकं खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही रूपेशच्या आई ना? आधी बसा." तिच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं आणि माझं निम्मं भांडण तिथेच विरलं. तू तिथे त्याचं नाव घेत होतीस तर. घरात कधी घेतलं नाहीस.

नाशिकला लहान मुलांना हेच हलणं-डुलणं शिकवतेस, एवढं तिने सांगितलं. पत्ता दिला नाही, नंबर दिला नाही. "चिठ्ठी दिलीत तर पोचवीन, उघडणार नाही," म्हणाली. म्हणून हे पत्र. मी सातवी पास आहे आणि शाळेत माझा निबंध वाचून दाखवायचे, हे तुला ठाऊक नसेल. तू मला भाव सांगताना आणि ओरडताना एवढंच ऐकलंस.

आता मुद्द्याचं. जमना म्हणते, तुला दुसरं लग्न करायचं आहे म्हणून रूपेशचं सगळं उरकून हवं आहे. खरं-खोटं तू जाणे. पण मी लिहून देते, माझ्या जिवात जीव आहे तोवर या घरात पुतळा होणार नाही. दर्भाच्या काड्या बांधायच्या, त्याला रूपेश म्हणायचं आणि जाळायचं? मी नऊ महिने दर्भ नाही वाढवला पोटात. बोटीवरचे सगळे परत आले, जाळं ओढताना हा एकटाच पाण्यात गेला. बरं, गेला. मेला ते कोणी पाहिलं? आपल्या किनाऱ्याला काय काय लागतं, डबे, फळ्या, कुणाच्या चपला. तो लागलेला नाही. तोवर तू सौ. आहेस.

गेल्या पितृपक्षात मागच्या भिंतीवर तू त्याच्या नावाचं पान ठेवलंस. मी ते उचलून उकिरड्यावर फेकलं आणि संध्याकाळपर्यंत तू पिशवी भरून गेलीस. आज ठेवलंस तर आजही फेकीन.

तुझे सासरे बरे आहेत. बोटी ओढून ठेवल्या आहेत, जाळी शिवत बसतात. माझी मान जरा धरली आहे, बाकी ठीक.

मंजुळा


माहीम
गुरुवार, ३ जुलै

चि. सौ. तेजल हिस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं म्हणे. म्हणजे वाचून गप्प आहेस. गप्प बसण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, हे मी लग्नाच्या आठवड्यातच ओळखलं होतं.

काल उत्तर आलं का ते विचारायला परत हॉलवर गेले. त्यांचं चालू झालं होतं. जागृतीबाईने तोंडावर बोट ठेवलं आणि खूण करून मला आत घेतलं. आठ-दहा जणी सतरंजीवर आडव्या. ती म्हणते, "पाठ जमिनीला कुठे टेकते ते बघा, कुठे टेकत नाही तेही बघा." मी पडल्या पडल्या म्हटलं, "पाठ टेकायला बोईसरला कशाला येऊ, घरात खाट हाय की." सगळ्या हसल्या. पण तेजल, माझी मान टेकेना. डोकं जमिनीवर होतं आणि मान मध्येच पुलासारखी उभी. तिने हात लावून पाहिलं नाही, काही सुधारलं नाही, नुसतं म्हणाली, "असू दे. आहे तशी असू दे."

तू यातलं सगळं जाणतेस, तरी लिहिते, कारण पुढे जे झालं त्याची मला लाज वाटते आणि हसूही येतं. तिने जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला हेतल आली, ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या मशीनवर असते ती. तिने डोळे मिटून हलायचं, मी समोर बसून बघायचं. गाणं नाही, ताल नाही, कोणी पुढे उभं राहून दाखवणारं नाही. शरीराला वाटेल ते करू द्यायचं, काही वाटलं नाही तर उभं राहायचं. आणि बघणारीने फक्त बघायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, हात तर मुळीच लावायचा नाही.

हेतल बराच वेळ नुसती उभी. मग तिचे दोन्ही हात हळूहळू वर गेले, डोक्याच्या दोन बाजूंना, आणि तिथेच थांबले. कोपरं थरथरायला लागली. मला कुठलं बसवतंय? तुला माहीत आहे आपल्याकडची रीत. भरली पाटी डोक्यावर घेऊन, हात वर करून बाई उभी असली की बघणारीने जायचंच. एकटीने उतरवली तर मान मोडते. जमना आणि मी बाजारातल्या जागेवरून चार वर्षं बोलत नव्हतो, पण रोज सकाळी ती माझ्या पाटीला हात लावायची आणि मी तिच्या. तोंड फिरवून लावायचो, पण लावायचो. अबोला तोंडाचा, पाटीचा नाही. तर मी उठले, हेतलच्या समोर गेले, गुडघे वाकवले आणि तिच्या डोक्यावरची नसलेली पाटी धरून म्हटलं, "सोड गो, मी धरलीय."

ती किंचाळलीच. सगळ्या थांबल्या. मग मला म्हणते, "काकी, मी कान झाकत होते. मशीनचा आवाज घरी पण कानात राहतो ना, म्हणून."

मी ओशाळले. वाटलं आता बाई मला हाकलणार. जागृतीबाई म्हणाली, "हेतलच्या डोक्यावर काही नव्हतं. मग तुम्ही काय पाहिलंत?" मी म्हटलं, "पाटी." ती दुसऱ्या जोडीकडे वळली.

परतीच्या गाडीत पालघर येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात. तुझ्या बाईला उत्तर द्यायला नको, नुसतं विचारून मोकळी होते. पुढच्या बुधवारी जाणार नाही.

मंजुळा


माहीम
गुरुवार, २४ जुलै

चि. सौ. तेजल,
आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. वहीचा फाडलेला तुकडा आणि दोन ओळी. "आई, मानेचा एक्स-रे काढा. पाटी एकट्याने उतरवू नका." बस. कशी आहेस ते नाही, मी लिहिलेल्याला उत्तर नाही. तरी दोन दिवस ब्लाऊजमध्ये घेऊन फिरत होते, घामाने शाई फुटली आहे.

एक्स-रे काढला. मानेचे मणके घासलेत, मधली गादी सरकली आहे, हाताला मुंग्या येतात त्या त्यामुळेच. पालघरचा डॉक्टर म्हणाला, डोक्यावर ओझं बंद. मी म्हटलं, बंद करून काय करू, डोकं काढून ठेवू? त्याने पट्टा दिला आहे. तो लावला की मी गोठ्यातल्या गाईसारखी दिसते, म्हणून घरातच लावते. पहिल्या पत्रात "जरा धरली आहे" लिहिलं ते खोटं होतं. तेव्हाच रात्री झोप लागत नव्हती.

हो, मी बुधवारी जाते आहे. गेल्या बुधवारीही गेले आणि कालही. हसायचं तर हस.

काल माझी पाळी होती डोळे मिटायची. हेतल बघणारी. मला आधी नुसती भीती वाटली. डोळे मिटले की मला काय दिसतं ते तुला सांगायला नको, तुलाही तेच दिसत असणार. काळं पाणी. पण मिटले. पाय आपोआप चालायला लागले. मी खूप हलले, तेजल. मला वाटलं मी हॉलभर फिरले, कमरेतून वाकले, हात झुलवले, लग्नाआधी हळदीला नाचायचे तशी नाचले. वेळ संपल्याची घंटी वाजली तेव्हा धाप लागली होती. छान वाटत होतं.

मग हेतलने सांगायचं. प्रत्येक वाक्य "मी पाहिलं" असं सुरू करायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ती पोर खाली बघत म्हणाली, "मी पाहिलं, काकी दोन-तीन पावलं चालल्या. मी पाहिलं, त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी पाहिलं, त्यांचा उजवा हात सारखा डोक्याकडे जात होता आणि अर्ध्यावरून परत येत होता. मी पाहिलं, त्यांची मान एकदाही हलली नाही."

मी म्हटलं, "खोटं. मी नाचले." ती रडवेली झाली. जागृतीबाई म्हणाली, "दोन्ही खरं असेल."

ती खिडकी पश्चिमेची, समुद्राच्या बाजूची आहे. मी नंतर बाहेर जाऊन बघितलं.

तू घरी यायचीस तेव्हा तुझे डोळे सुजलेले असायचे. मी विचारायचे, नाचायला जातेस का रडायला. तू एकदा म्हणालीस, "इथं रडू देत नाय तुमी, म्हणून तिथं जाते." मला तेव्हा तो उद्धटपणा वाटला. आता वाटत नाही, एवढंच लिहिते. पण पुतळ्याचं नाव काढू नकोस. रूपेशचा नंबर मी अजून दर महिन्याला पैसे भरून चालू ठेवते. बंद पडला आणि त्याने कुठून फोन केला तर?

मंजुळा


माहीम
गुरुवार, १४ ऑगस्ट

चि. तेजल,

आज सुरुवात कशी करू समजत नाही.

नारळी पौर्णिमा झाली. सगळे नारळ घेऊन गेले. तुझे सासरे गेले नाहीत. ओट्यावर बसून जाळ्याची सुई हातात धरून होते, शिवत नव्हते. मी काही विचारलं नाही. आमच्यात दोन वर्षं असंच आहे. एकदाच, अगदी सुरुवातीला ते म्हणाले होते, "मंजुळे, मी त्याचा बाप हाय. मला एकदा त्याला आग देऊ दे." मी भांडं फेकलं होतं. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

डॉक्टरने ओझं बंद केल्यापासून माझी पाटी तेच नेतात, डोक्यावर. बोटीचा नाखवा बळवंत मासळीची पाटी डोक्यावर घेऊन माहीमच्या नाक्यावरून जातो, हे बघायला पोरं गोळा झाली होती. जमना म्हणाली, "अरे भावजी, चुंबळ तरी नीट बांधा, पडेल ना ती." त्यांनी ऐकून घेतलं. बोईसरला मी कॉलनीत विकते आणि ते सावलीत बसतात. बुधवारी हॉलच्या जिन्यावर बसतात.

काल हेतलची कारखान्यातली पाळी बदलली होती, ती आली नाही. माझ्यासाठी बघणारं कोणी उरलं नाही. जागृतीबाई जिन्यावर गेली आणि ह्यांना घेऊन आली. मी म्हटलं, अहो, नको, त्यांना कुठलं हे जमायचं, ते माझ्याकडे घरात बघत नाहीत. ती म्हणाली, "मग इथे बघतील." तिने त्यांना नियम सांगितले. बसायचं, बघायचं, उठायचं नाही. ते टोपी मांडीवर घेऊन बसले.

मी डोळे मिटले. या वेळी नाचायचं मनात नव्हतं. पाय मला कुठे नेतात ते कळत होतं, खिडकीकडे. मी जाऊ दिलं. हात वर जायला लागला. दर वेळी मी तो अर्ध्यावरून मागे घेते, काल घेतला नाही. तो गेला. मग दुसरा गेला. डोक्यावर काही नाही हे मला माहीत आहे, मी वेडी नाही. पण वजन होतं, तेजल. मानेतून खाली, पाठीच्या कण्यात, टाचांपर्यंत. मी तशीच उभी राहिले. कोणी तरी येईल म्हणून. किती वेळ ते माहीत नाही. हात थरथरायला लागले, कोणी आलं नाही, आणि मला इतका राग आला की ओरडावंसं वाटलं.

घंटी वाजली. मी डोळे उघडले. ह्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, रूपेशची बोट त्याच्याविना आली तेव्हासुद्धा नाही.

जागृतीबाई म्हणाली, "काका, 'मी पाहिलं' म्हणून सांगा."

ते हातातली टोपी फिरवत म्हणाले, "मी बघितलं, ती पाटी घेऊन उबी हाय. मी बघितलं, तिचे हात कापतात. मी बघितलं, ती कोनाची तरी वाट बघते, हात लावाया. मला उठायचं व्हतं. तुमी सांगितलं उठायचं नाय, मी नाय उठलो." मग तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन वरसं असाच बसलोय मी."

मी म्हटलं, "मग उठा की आता."

ते उठले. समोर आले आणि माझ्या डोक्यावर दोन्ही हात नेले, जणू खरंच काही आहे. सगळा हॉल बघत होता, त्यांना भान नव्हतं. जाळं ओढायची सवय त्यांची, वर ओढायला लागले. पाटी वर नाही ओढायची, दोघींनी एकदम गुडघे वाकवायचे आणि बरोबरीने खाली न्यायची, एकीने आधी सोडली की दुसरीच्या अंगावर येते. पुरुषाला काय ठाऊक. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. तेजल, तो गेला त्या मार्गशीर्षापासून मी रडले नव्हते. बोट आली त्या दिवशीही नाही. काल बोईसरच्या त्या हॉलमध्ये, परक्या बायकांसमोर, नवऱ्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून मी अशी रडले की माझा आवाज मलाच ओळखू येईना. ते पण रडले.

पण मान नाही वाकली. ते धरून उभे, मी धरून उभी. माझे हात सुटत नव्हते. घरी येताना गाडीत ते म्हणाले, "माज्याच्यानं नाय उतरायची ती." मला माहीत होतं कोणाच्याने उतरेल.

मंजुळा


माहीम
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. तेजल हिला,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लहान आहे. तीन वेळा लिहून फाडलं.

पितृपक्ष चालू आहे. भटजींकडे मी स्वतः गेले, ह्यांना जिन्यावर नाही, सोबत घेऊन. येत्या चतुर्दशीला, शनिवारी २० तारखेला, अपघाताने गेलेल्यांची तिथी असते. सकाळी किनाऱ्यावर पुतळा होईल आणि हे अग्नी देतील. दर्भ आणून ठेवला आहे. काल मी तो हातात घेऊन पाहिला. काड्याच आहेत. त्याच्यासारखं त्यात काही नाही, आणि असं बघून बरं वाटलं. जळणार ते त्या काड्याच.

नंतरचं पान भटजी सांगतील त्या दिवशी, मागच्या त्याच भिंतीवर ठेवायचं. ते मी वाढणार. ताज्या बोंबलाचं कालवण, त्याला लागायचं तसं आंबट. कावळा यायला वेळ लागला तर काय कबूल करायचं ते मी ठरवलं आहे, पण ते तिथेच सांगेन.

त्याचा नंबर या महिन्यात चालू केला नाही. काल लावून पाहिला, आता फोनमधली बाई दुसरंच काही बोलते.

लग्नाचं जमना जे म्हणते ते खरं असो की नसो, मी विचारणार नाही. करशील तर मला सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. मंगळसूत्र तू काढलं आहेस की नाही तेही मला माहीत नाही. त्या दिवशी आपण दोघी मिळून काय ते बघू. तुझ्या गळ्यातलं काढायला मी दुसऱ्या कुणा बाईला पुढे होऊ देणार नाही.

राहायला नको असेल तर राहू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. जमना चार वर्षं बोलत नव्हती, ते तुला लिहिलंच आहे.

पण शनिवारी माझ्या डोक्यावरून तो उतरायचा आहे, आणि एकट्याने उतरवू नका असं तूच लिहिलं होतंस. तुझ्याही डोक्यावर तोच आहे हे मला पूर्वी दिसलं नाही. मी तुझ्या पाटीला हात लावते, तू माझ्या लाव. तोंड फिरवून लावलास तरी चालेल. गुडघे मात्र एकदम वाकवू.

सकाळी पहिल्या गाडीची वाट बघते.

आई